देवीपुढचा कागद

हरिओमनं राजीनामा दिला आणि मी रजा टाकली. गोष्ट एवढीच आहे. बाकीचा सगळा त्याला लागलेला चिखल, आणि तो अंगावर घेऊन मी वर्षभर लोकांत फिरलो.

आम्ही दोघं नांदेडच्या इंजिनिअरिंग कॉलेजातले. तो निलंग्याजवळच्या खेड्यातला. घरी बारा एकर रान, आणि बाप किशनराव, ज्याला सगळे अण्णा म्हणतात. मी नांदेड शहरातला. वडील मुख्याध्यापक, आई शिक्षिका, आजोबा तलाठी. आमच्या घराच्या भिंतींत विटांपेक्षा पगार जास्त आहेत. कॉलेज संपल्यावर दोघंही पुण्याला गेलो, हिंजवडीत वेगवेगळ्या कंपन्यांत लागलो आणि वाकडला एका खोलीत सात वर्षं राहिलो. त्याच्या आईनं पाठवलेलं लोणचं मी चोरून खायचो. मला डेंग्यू झाला तेव्हा त्यानं आठ दिवस माझं अंग पुसलं. हे आधीच सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, ओळख वरवरची असेल.

कल्पना त्याची. लातूरच्या बाजारात सोयाबीनचा भाव दाण्यातल्या ओलाव्यावर ठरतो. त्याला सगळे मॉइश्चरच म्हणतात, शाळेचं तोंड न पाहिलेला माणूससुद्धा. अडतीवर यंत्र असतं. मूठभर दाणे टाकले की आकडा येतो. आकडा चढला की भाव उतरला. पण हा आकडा शेतकऱ्याला कळतो कधी, तर गाडी भरून बाजारात उभी केल्यावर. तिथून माल परत कोण नेतं? हरिओमचं म्हणणं असं, की हातात मावेल असं स्वस्त यंत्र करायचं. आकडा खळ्यावरच कळेल. दाणा ओला निघाला तर आणखी दोन ऊन द्या, मग निघा. पहिला नमुना त्यानं वाकडच्या खोलीत स्टीलच्या कटोरीला तारा जोडून केला. म्हणून कंपनीचं नाव ‘कटोरी’.

"नोकरी करत करत हे होत न्हाई," तो म्हणाला. "अर्धा पाय हिथं, अर्धा तिथं. सोडायची तर दोघांनी, आन् एकाच दिवशी."

"सोडू," मी म्हणालो. म्हणालो तेव्हा खरंच म्हणालो होतो.

त्यांच्या घरी एक रीत आहे. नवं काही सुरू करायचं असलं, म्हणजे विहीर, लग्न, ट्रॅक्टर, तर त्याचा कागद आधी माहूरला रेणुकामाउलीपुढं ठेवतात. मग तो घडी घालून घरच्या देव्हाऱ्यात. वर्षभर त्याला हळदकुंकू वाहायचं, उलगडायचा नाही. वर्ष भरलं की परत माहूरला नेऊन देवीला दाखवायचा. हरिओमचं ठरलं होतं, आपल्या दोघांचे राजीनामे छापून माहूरला न्यायचे, देवीपुढं ठेवायचे आणि तिथंच पायऱ्यांवर बसून मेल पाठवायचे.

"आरं, सातशे वेळा लिहून खोडशील तू," तो मला म्हणाला. "देवीपुढं गेल्यावर खोडता येत न्हाई."

आदल्या दिवशी मी नांदेडला घरी गेलो. वडील पेपर वाचत होते. पेपर खाली न ठेवताच म्हणाले, "तुमच्या कंपनीत वर्षाची बिनपगारी रजा मिळते ना?"

"मिळते. सबॅटिकल म्हणतात."

"मग राजीनामा कशाला देऊन राहिला? नदीत उतरणारा कपडे काठावर ठेवतो. पाण्यात सोडत नाही."

"हरिओम सोडतोय."

"त्याला बारा एकर आहे. तुला काय आहे?"

बारा एकर म्हणजे काय असतं ते वडिलांना ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. सात वर्षं हरिओमचा निम्मा पगार त्या बारा एकरात जिरताना मी पाहिला होता. त्याच्याखाली जमीन नव्हती, तोच जमिनीखाली होता. तरी मी मान हलवली. कारण वडिलांचं वाक्य मला आवडलं होतं. सोयीचं होतं.

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "आणि त्याला सांगत बसू नको. उगी त्याचं मन मोडतं."

मन मोडू नये म्हणून सांगायचं नाही! आमच्यात बेइमानीला अशी रेशमी नावं असतात.

मी रजेचा अर्ज टाकला. तो मंजूरही झाला. त्याचीच प्रत छापली, चार घड्या घातल्या.

कोजागिरी होऊन दोन दिवस झाले होते. माहूरला गर्दी नव्हती. पुजाऱ्यानं आमचे दोन्ही कागद देवीला लावून, वर कुंकू टाकून परत दिले. देवीचा कुटलेला तांबूल दिला, तो हरिओमनं स्वतःच्या हातानं अर्धा माझ्या तोंडात घातला. मग आम्ही पायऱ्यांवर बसलो. त्यानं मोबाईल काढला, राजीनाम्याचा मेल उघडला, डोळे मिटले आणि बोट दाबलं.

"आता तू."

मीही बोट दाबलं. कोरा मेल होता तो, मी मलाच पाठवलेला. दोन सेकंदांत माझ्याच हातातल्या मोबाईलवर टिंग वाजलं.

"एवढ्या लवकर उत्तर आलं का काय?" हरिओम म्हणाला.

"आपोआप येतं ते," मी म्हणालो. तोंडात देवीचा तांबूल होता.

कागद आम्ही त्याच्या गावी नेले. त्याच्या आईनं, म्हणजे सिंधुमावशींनी, दोन्ही देव्हाऱ्यात देवीच्या टाकाखाली ठेवले. "माझ्या दोन पोरांचे कागद," असं म्हणाल्या. त्यांना इंग्रजी येत नाही.

लातूरला औसा रोडवर एका बॅटरीच्या दुकानावरची खोली आम्ही घेतली. वर गच्ची होती, तीच आमची प्रयोगशाळा. एकाच पोत्यातले दाणे पत्र्यांवर पसरायचे. एक पत्रा एका उन्हाचा, दुसरा दोन उन्हांचा, तिसरा तीन. प्रत्येकाचा आकडा घ्यायचा आणि अण्णांच्या दाताशी ताडायचा. हो, दाताशी. किशनराव दाणा दाढेखाली धरून चावायचे. वाळलेला दाणा कट्ट करून फुटतो. ओला दाणा दबतो, आवाज करत नाही. तेवढ्यावर ते आकडा सांगायचे आणि तो आमच्या यंत्रापेक्षा बरोबर निघायचा.

"बारा."

"अण्णा, मशीन चौदा म्हणायली."

"मशीनचे दात पडलेत मग."

हरिओमची बहीण साक्षी निलंग्याच्या कॉलेजात बी.एस्सी. करते. ती म्हणायची, "आलोकदादा, अण्णाचीच कवळी करून विका की. चार्जिंगचीबी झंझट न्हाई."

चांगले दिवस होते, आणि मला एकही धड जगता आला नाही. कारण हरिओम जिथं जाईल तिथं एकच सांगायचा. बाजारात कुणी टोमणा मारला, "काय इंजिनेर, पुण्याचं एसी सोडून दाणे मोजायलाव?" की हा छाती काढून म्हणायचा, "दोघंबी सोडून आलाव. राजीनामा देवीपुढं ठेवून आलाव." लोक माझ्याकडं बघायचे. मी हसायचो. ते हसू अजून आरशात दिसलं की मी दाढी अर्धी सोडतो.

जानेवारीत तर कहर झाला. वडिलांच्या जुन्या शाळेत नांदेडला आमचा सत्कार ठेवला. सूत्रसंचालन करणारे सर माईकवर ओरडले, "लाखाच्या नोकरीवर लाथ मारून मातीत उतरलेले आपले दोन सुपुत्र!" शाल आली, नारळ आला. समोर पहिल्या रांगेत वडील बसले होते, ज्यांना सगळं माहीत होतं. ते टाळ्या वाजवत होते. मी त्यांच्याकडं पाहिलं, तर त्यांनी नजरही चोरली नाही. मग मला कळलं की मी कुठून आलोय. शालीत मला घाम फुटला. शेजारी हरिओम माझ्यासाठी स्वतःच्या सत्कारापेक्षा जोरात टाळ्या वाजवत होता.

गावाकडं जायचो तेव्हा मावशी ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी वाढायच्या. जेवताना समोर देव्हारा दिसायचा. दोन्ही कागदांवर कुंकवाचा थर रोज चढत होता. माझ्या रजेच्या अर्जाची पूजा चालली होती. घास गिळवत नव्हता, तर मावशी म्हणायच्या, "पुण्याच्या पाण्यानं आतडं बारीक झालंय पोराचं."

सप्टेंबर आला. पावसानं धरून ठेवलं होतं. लवकर निघालेल्या, आगाप सोयाबीनचे भिजलेले दाणे आले आणि कटोरीचे आकडे चुकायला लागले. पावसानं डागलेल्या दाण्यावर यंत्र दोन-तीन आकडे जास्तच दाखवायचं. हरिओमनं आठवडाभर गच्ची सोडली नाही. अशाच एका दुपारी त्याच्या जुन्या मॅनेजरचा फोन आला. त्याचे हात दाण्यांत होते, म्हणून त्यानं स्पीकर लावायला सांगितलं. मीच लावला.

"हरिओम, नवीन टीम उभी करतोय. मला तू पाहिजेस. पुण्याला यायचीही गरज नाही, लातूरमधूनच काम कर. बघ, विचार कर."

लातूरमधूनच! म्हणजे नोकरीही आणि गच्चीही. असा फोन कुणाला येतो? मी त्याच्या तोंडाकडं बघत होतो. त्याला क्षणभर मोह झाला, मला तो दिसला. घरी अण्णांचा गुडघा बदलायचा होता, साक्षीला पुढं शिकायचं होतं. मग त्यानं मान हलवली.

"सर, लई मोठी गोष्ट केली तुम्ही आठवण काढून. पण माझा पार्टनर आहे. त्यानं माझ्या शब्दावर नोकरी सोडलीय. मी एकट्यानं परत आलो तर त्याला कुठल्या तोंडानं भेटू?"

"त्याला विचारून तर बघ."

"विचारलं तर तो जा म्हणंल, सर. म्हणूनच विचारत न्हाई."

फोन बंद झाला. मी दोन हात लांब उभा होतो. हातात तीन उन्हांचा पत्रा होता.

"काय बघायलास?" तो हसून म्हणाला. "तूबी हेच केलं असतंस."

तेव्हा बोलायचं होतं. जागा होती, वेळ होती, त्याला लगेच परत फोन करता आला असता. मी म्हणालो, "हाव."

फक्त हाव. आयुष्यात मी खूप खोटं बोललोय, पण एवढ्या लहान शब्दात एवढं मोठं कधीच नाही.

त्याच संध्याकाळी माझ्या कंपनीचा मेल आला. रजा एकतीस ऑक्टोबरला संपते. एक नोव्हेंबरला हजर व्हा, नाहीतर राजीनामा कळवा. मला झोप लागली नाही. पण मी हरिओमचा विचार करत नव्हतो. मी त्या कागदाचा विचार करत होतो. वर्ष भरत आलं होतं, नवरात्रात तो देव्हाऱ्यातून निघणार, माहूरला उलगडणार, आणि हरिओमला इंग्रजी येतं. डोक्यात एवढंच होतं, की तो कागद काढून त्या जागी खोटा राजीनामा छापून ठेवायचा. हो, एवढा खाली गेलो होतो.

चार दिवस हिंमत झाली नाही. पाचव्या दिवशी अण्णा आणि हरिओम बाजारात गेले, तेव्हा मी निलंग्याची एसटी धरली. छापलेला खोटा कागद शर्टाच्या आत होता, चार घड्या घातलेला. औसा, लामजना, मग निलंगा, तिथून रिक्षा. दार उघडंच होतं. मावशी अंगणात उडीद वाळवत होत्या.

"आरं आलोक? एकटाच? हरी कुठं हाय?"

"बाजारात. निलंग्यात काम होतं. म्हणलं पाणी पिऊन जावं."

"पाणी कशाला, च्या टाकते. बस."

त्या आत गेल्या. मी देव्हाऱ्यापुढं बसलो. दिवा तेवत होता. देवीचा टाक उचलला. खाली एकच कागद होता. उलगडला, तर हरिओमचा. त्याचं नाव, त्याची सही, कुंकवानं गुलाबी झालेली. माझा नव्हता. मी टाकाच्या मागं, समईच्या खाली, फोटोच्या मागं चाचपडायला लागलो. देव्हाऱ्यात हात घालून, चोरासारखा. सारखा कशाला, चोरच.

"ह्यो हुडकायलाव का?"

मावशी पाठीमागं उभ्या होत्या. हातात च्या नव्हता. कागद होता.

वर्षभर मला ‘तू’ म्हणणारी बाई मला ‘तुमी’ म्हणायला लागली होती.

"नागपंचमीला समईचं तेल सांडलं," त्या म्हणाल्या. "दोन्ही कागद भिजले. साक्षीनं वाळवायला म्हणून उलगडले. वाचून गप बसली पोरगी. मी म्हणलं, काय झालं गं? ती म्हणली, आई, ह्यो एक राजीनामा हाय. आन् ह्यो रजेचा अर्ज हाय."

मी देव्हाऱ्यातला हात बाहेर काढला.

"हरिओमला..."

"न्हाई सांगितलं. साक्षीला शपथ घातली. मला वाटलं, तुमी सांगताल. आज सांगताल, उद्या सांगताल. तवापासून हा पेटीत ठेवलाय. देवीखाली कसा ठेवू?" त्यांनी पदर डोळ्याला लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. "त्यानं परवा नोकरी नाकारली, ठाऊक हाय ना तुमाला? मला येऊन सांगितलं. म्हणला, आई, आलोकसाठी नाकारली, त्याला बोलू नको."

"मावशी, मी..."

"घट बसायच्या आत सांगा. घट बसल्यावर मी नऊ दिवस उपाशी असते. तवा माझ्यानं पोरापाशी खोटं होणार न्हाई." कागद माझ्या हातात देताना त्या थांबल्या. "आन् एक करा. मी धरलं म्हणून सांगायलाव, असं सांगू नगा. आपल्या मनानं आलाव म्हणा. त्याचा दहा-बारा वर्षांचा दोस्त हाय. तेवढं तरी त्याच्यापाशी राहू द्या."

मी उठलो. त्या म्हणाल्या, "देवीपुढचा कागद हाय. खोटा असला तरी पायदळी येऊ देऊ नगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन पडलं होतं. हरिओम गच्चीवर पत्रे लावत होता. मी त्याच्याशेजारी उकिडवा बसलो आणि सांगितलं. रजा, वडील, माहूरच्या पायऱ्या, कोरा मेल. सगळं एका दमात. पत्रा सरळ करता करता त्याचे हात थांबले. मग परत चालू झाले. दाणे पसरून झाल्यावर तो म्हणाला,

"टिंग वाजलं होतं."

"हो."

"मी घरी सांगितलं होतं, आलोकच्या कंपनीत त्याची लई इज्जत हाय, लगेच उत्तर आलं."

त्यानं पुढचा पत्रा ओढला.

"कधीपर्यंत हाय रजा?"

"एकतीस ऑक्टोबर. हरी, तू त्या मॅनेजरला फोन कर. अजून..."

"काल केला होता. अण्णाच्या गुडघ्यामुळं वाटलं, तुला विचारावं आन् जावं. विचारायच्या आधी म्हणलं जागा हाय का बघू. जागा भरली." तो हसला. ते हसू मला सहन झालं नाही. "मला काल दिवसभर लाज वाटायली होती. तुझ्या पाठीमागं फोन केला म्हणून."

त्याला लाज वाटत होती!

मग त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. "एक सांग. कुणी धरलं म्हणून सांगायलास, का आपल्या मनानं?"

खाली बॅटरीच्या दुकानात कुणीतरी हॉर्न तपासत होतं. तो आवाज संपेपर्यंत मला वेळ होता.

"आपल्या मनानं," मी म्हणालो.

"तेवढं बरं केलंस."

मला वाटलं आता काहीतरी करायलाच पाहिजे. मी मोबाईल काढला, कंपनीचा मेल उघडला, राजीनामा लिहायला लागलो. "हे बघ, आत्ता देतो. तुझ्यासमोर पाठवतो. बघ."

त्यानं माझ्या हातावर हात ठेवला. सोयाबीनची धूळ लागलेला, गरम हात.

"माझ्यासमोर नको," तो म्हणाला. "माझ्यासमोर एकदा पाठवलायस तू."

मी मोबाईल खिशात ठेवला. त्याच्यामागं पाठवता आला असता. जिन्यात, एसटीत, कुठंही. त्यानं मला अडवलं नव्हतं, तमाशा करायला अडवलं होतं. मी जिना उतरलो. खाली रस्त्यावर उभा राहिलो, परत मोबाईल काढला, अर्धवट लिहिलेला मेल बघितला. आणि खोडला.

एक नोव्हेंबरला मी पुण्यात हजर झालो. टीमनं केक आणला. "कसा होता ब्रेक?" सगळे विचारत होते. मी म्हणालो, मस्त.

तो कागद माझ्या लॅपटॉपच्या बॅगेत आहे. टाकता येत नाही, घरच्या देव्हाऱ्यातही ठेवता येत नाही. आई विचारेल, हे काय? बॅगेच्या अस्तराला कुंकू लागलंय. मीटिंगला चार्जर काढला की बोटं लाल होतात.

दिवाळीत साक्षीचा फोन आला. ती आधी यंत्राचं बोलली. डागी दाण्याचा आकडा आता बरोबर येतो. हरिओमनं अण्णांना चाळीस दिवस दाणे चावायला लावले आणि बसवला एकदाचा.

"अण्णा बरे आहेत?" मी विचारलं.

"बरे हायत. परवा तुम्हाला शिव्या घालायले होते. लई घातल्या."

"घालू दे."

"दादानं मधीच तोडलं त्यास्नी. म्हणला, अण्णा, बस. चुकला त्यो. पण कुणी धरलं न्हाई, काही न्हाई, आपल्या पायानं येऊन माझ्या तोंडावर बोलला. तेवढं इमान हाय त्याच्यात. म्हणला, माझ्या दोस्ताला माझ्यासमोर काही बोलायचं न्हाई."

मोबाईल मी दुसऱ्या कानाला लावला.

"आणि मावशी?"

"आई ताटावरून उठून गेली," साक्षी म्हणाली. "ठेवू का फोन?"